दोन पेट्यांमधली जुळी

नमस्कार श्रोतेहो.

पोटात जुळं आहे असं कळलं, की घरातले हिशोबाला लागतात. कपडे दोन, पाळणे दोन, नावंही दोन. मात्र ही बाळं ठरलेल्या तारखेच्या बरीच आधी येऊ शकतात, ही गोष्ट त्या हिशोबात सहसा कोणी धरत नाही. ती धरायला हवी. जगात जन्मणाऱ्या दर दहा बाळांतलं साधारण एक बाळ ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मतं. २०२० साली अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. जुळ्यांमध्ये हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं. अनेक देशांच्या नोंदींमध्ये निम्मी किंवा त्याहून जास्त जुळी आधीच आलेली दिसतात. तिळ्यांचे दिवस पूर्ण भरणं तर अपवादच.

नवजात अतिदक्षता विभागात, म्हणजे सगळे ज्याला एनआयसीयू म्हणतात तिथं, मी बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम केलं आहे. आज मी उपचारांबद्दल थोडं बोलणार आहे आणि बाळाला ऊबेत ठेवणाऱ्या काचेच्या पेटीबाहेर, म्हणजे इनक्युबेटरबाहेर, उभ्या असणाऱ्या आईवडिलांबद्दल जास्त. त्यातही ज्यांना एका पेटीपाशी उभं असताना दुसऱ्या पेटीची काळजी लागलेली असते, त्यांच्याबद्दल.

पहिला दिवस बहुतेक वेळा वडिलांच्या वाट्याला येतो. आईचं सिझेरियन झालेलं असतं, ती वरच्या नाहीतर शेजारच्या वॉर्डात असते, आणि बाळं खाली काचेत. वडील या दोन टोकांमध्ये निरोप्यासारखे फिरत असतात. त्यांना आत काय चाललंय ते नीटसं कळलेलं नसतं, तरी बाहेर सगळ्यांना तेच सांगायचं असतं. अशा वडिलांना मी एक काम आवर्जून सांगायचे. दोन्ही बाळांचे फोटो वेगवेगळे काढा आणि आईला दाखवताना 'हा' आणि 'ही' असं म्हणून दाखवा. पेट्यांवर 'पहिलं' आणि 'दुसरं' अशा चिठ्ठ्या असतात, त्या आमच्या सोयीसाठी. घरच्यांनी तरी त्यांना नावानं हाक मारावी. नाव कच्चं असलं तरी चालेल, नंतर बदलता येतं.

हे मी भावनेपोटी सांगत नाही. विभागात जुळ्यांचा विचार एकदम करायची सवय लागली, की गोंधळ होतो. डॉक्टर सांगतात एकाबद्दल आणि आईवडील ऐकतात दोघांबद्दल. 'संसर्गाची शंका आहे' हे वाक्य कोणाच्या बाबतीत होतं ते घरी फोन करेपर्यंत हरवलेलं असतं. म्हणून दोन वह्या ठेवा. एका वहीत दोन रकानेसुद्धा नकोत, दोन वेगळ्या वह्याच ठेवा. डॉक्टर राउंडला आले की विचारा, हे कोणाबद्दल चाललंय?

मग येते तुलना. एकाच पोटात, एकाच दिवशी, दहा मिनिटांच्या अंतरानं आलेली दोघं. एक व्हेंटिलेटरवर आणि दुसरं नाकातल्या नळीतून नुसत्या हवेच्या दाबावर, असं कसं? हा प्रश्न मला जुळ्यांच्या बहुतेक प्रत्येक पालकानं विचारला आहे. उत्तराचा मोठा भाग फुप्फुसांत आहे. आपल्या फुप्फुसांतले बारीक फुगे श्वास सोडल्यावर एकमेकांना चिकटून मिटू नयेत म्हणून आत एक निसरडा थर असतो, सर्फॅक्टंट. तो गर्भारपणाच्या शेवटच्या काही आठवड्यांत पुरेसा तयार होतो. लवकर आलेल्या बाळाकडे तो कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वास नव्यानं कमवावा लागतो. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली हे कारण दाखवून दिलं. तरीही पुढं कितीतरी वर्षं डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि सुमारे ३९ तासांत याच आजारानं गेला. त्या बाळासाठी काय कमी पडलं असेल? पैसा नाही, माणसं नाहीत. औषधच नव्हतं. १९८० साली जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसांपासून बनवलेला सर्फॅक्टंट बाळांच्या श्वासनलिकेत सोडून ती सुधारतात हे प्रसिद्ध केलं, आणि चित्र पालटलं. आज साडेचौतीस आठवड्यांचं बाळ बहुतेक वेळा चांगलं होऊन घरी जातं.

आता दोघांत फरक का? एक म्हणजे मुलग्यांची फुप्फुसं मुलींपेक्षा जरा उशिरा तयार होतात. मुलगा-मुलगी अशी जोडी असेल तर पुष्कळदा मुलगीच आधी नळीतून सुटते. दुसरं म्हणजे पोटात दोघांना रक्तपुरवठा सारखा मिळतोच असं नाही. एकच वार वाटून घेणाऱ्या एकसारख्या जुळ्यांतही एक ९५० ग्रॅमचं आणि दुसरं १३०० ग्रॅमचं असू शकतं. त्यामुळे 'याचं बघा, कसं छान चाललंय, मग तिचं का नाही' हा प्रश्न ज्याच्या त्याच्या बाबतीत निरर्थक असतो. मोजायचंच असेल तर ती कालपेक्षा आज कशी आहे ते मोजा. तेसुद्धा पहिल्या आठवड्यात नको, कारण जन्मानंतरच्या दिवसांत वजन दहाएक टक्क्यांनी उतरतं आणि जन्मवेळचा आकडा पुन्हा गाठायला साधारण दोन आठवडे लागतात. नातेवाइकांना हे माहीत नसतं. ते रोज फोन करून 'वजन किती वाढलं?' विचारतात. घरातल्या एखाद्या खमक्या माणसाला हे फोन घेण्याच्या कामाला लावा. आईला फोन देऊ नका.

अलार्मबद्दल सांगते, कारण माणसं सगळ्यात जास्त त्यानंच खचतात. फार लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूला श्वास घ्यायची आठवण राहत नाही. वीस सेकंदांहून जास्त वेळ श्वास थांबला, की आम्ही तो झटका धरतो. पुष्कळदा त्याबरोबर हृदयाचे ठोकेही मंदावतात. यावर औषध म्हणून कॅफीन देतात. हो, कॉफीत असतं तेच. ऐकून आईवडील हसतात, आणि विभागात हसायची संधी तशी कमीच मिळते. हे झटके वय वाढेल तसे मागे पडतात. पण मॉनिटर दुसऱ्या कारणांनीही ओरडतो. बाळानं पाय झाडला, चिकटपट्टी सैल झाली, तरी तो वाजतो. दोन पेट्या असल्या की एकीचा अलार्म थांबेतो दुसरीचा सुरू होतो आणि आईची मान नुसती इकडून तिकडे फिरत राहते. आधी बाळाचा रंग बघा, छाती हलतेय का बघा, मग पडद्याकडे वळा. आणि सिस्टर चालत येते की धावत, त्यावरूनही पुष्कळ कळतं.

आईच्या दुधाशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची आतडी फार नाजूक असतात. त्यांना होणाऱ्या एका गंभीर आजारात आतड्याचा भागच निकामी होतो, आणि आईच्या दुधावर असलेल्या बाळांना तो कमी होतो. म्हणून पहिल्या दिवसाचा चीक, अगदी काही थेंब का असेना, काढायचाच. बाळ ओढत नसल्यानं दूध पंपानं किंवा हातानं काढावं लागतं, दिवसरात्र मिळून आठेक वेळा. रात्रीची पाळी चुकवली तर दूध हळूहळू कमी होतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बाळाला साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमायला लागतो, तोवर नळीतून पाजतात.

जुळ्यांच्या आईला इथं एक अडचण येते आणि ती कोणाशी बोलत नाही. पहिल्या दिवसांत दूध एकाच बाळापुरतं निघतं. मग द्यायचं कोणाला? बऱ्याच आया अर्धं-अर्धं करा म्हणतात, कारण दुसरं काही म्हणणं त्यांना पाप वाटतं. माझं मत विचाराल तर जे जास्त लहान आणि जास्त आजारी, त्याला आधी. त्या थेंबांचा उपयोग तिथं जास्त होतो. डॉक्टरांशी बोलून ठरवा. एकदा ठरलं की वाईट वाटून घेऊ नका. बाटलीवर नाव, तारीख आणि वेळ घातल्याशिवाय मात्र ती फ्रीजकडे जाता कामा नये. आडनाव एक, जन्मतारीख एक, अशी दोन बाळं म्हणजे आमच्यासाठीही चुकीला आमंत्रणच असतं. त्यामुळे औषध देताना सिस्टर हातातला पट्टा वाचते की नाही ते पाहायचा तुम्हाला हक्क आहे.

वेळेचंही तसंच. इथं दोन तास, तिथं दोन तास, अशी घड्याळ लावून वाटणी करणारे आईवडील मी पाहिले आहेत. आठवड्याभरात ते पार गळून जातात. एखाद्या दिवशी एकाला पूर्ण दिवस लागतो. त्या दिवशी दुसऱ्याला पाच मिनिटं पुरतात, आणि त्याला काही कमी पडत नाही, कारण त्याच्याजवळ आम्ही असतो. तिळी असली तर तिसऱ्याकडे पाहून अपराधी वाटत राहतं. तीन बाळांना दोन माणसं समान कशी पुरणार? समानतेचा हट्ट सोडला, की बाळाजवळ बसल्या बसल्या जरा टेकता तरी येतं.

त्या बसण्याचा उत्तम उपयोग म्हणजे कांगारू पद्धत. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगार रे यांनी ती सुरू केली. पेट्या पुरत नव्हत्या, एका पेटीत एकाहून जास्त बाळं ठेवावी लागत होती, संसर्ग फैलावत होता. त्यांनी बाळं आईच्या उघड्या छातीवर उभी बांधून द्यायला सुरुवात केली. नाइलाजातून निघालेली ही युक्ती पुढं कसोटीला उतरली. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत एक ते १.८ किलोच्या दरम्यानच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवून पाहिलं, तेव्हा आधी स्थिर करून मग ठेवलेल्या बाळांपेक्षा त्यांच्यातले मृत्यू सुमारे पाव हिश्शानं कमी भरले. ते निष्कर्ष २०२१ साली आले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाला ८ ते २४ तास हे करा असं सांगितलं. जुळी असतील तर दोघं एकदम छातीवर बसतात, उजवीकडे एक, डावीकडे एक. फक्त नळ्या सांभाळून ठेवून द्यायला दोन सिस्टर लागतात. एक आईकडे आणि एक वडिलांकडे, असंही करता येतं, आणि वडिलांची छाती तितकीच ऊबदार असते. जे अजून बाहेर काढण्याजोगं नाही, त्याच्यावर पेटीच्या खिडकीतून हात ठेवा. एक डोक्याशी, एक पावलांशी, स्थिर. कुरवाळू नका, इतक्या कोवळ्या त्वचेला ते सोसत नाही.

आता एक अवघड गोष्ट. कधीकधी दोघांतलं एकच राहतं. लोक सांत्वन करायला येतात आणि म्हणतात, 'एक तरी आहे ना.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्याचा मला आता राग येतो. जे गेलं त्याच्यासाठी रडायला त्या आईला जागाच मिळत नाही, कारण दुसऱ्याची पाजायची वेळ झालेली असते. आणि जे आहे त्याच्याकडे पाहिलं की गेलेलंच आठवतं. अशा घरी जाल तर गेलेल्या बाळाचं नाव घ्या. आईवडिलांना त्याचा त्रास होईल असं वाटतं, पण पुष्कळांना तेच हवं असतं. आणि हे दुःख एनआयसीयूत नुसतं वाट पाहणाऱ्यांनाही वेगळ्या रूपात गाठतं. झोप न येणं, बाळाजवळ जावंसंच न वाटणं, सगळ्यावरून मन उडणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांना सांगा. वडिलांनाही हे होतं. ते सांगत नाहीत इतकंच.

घरी सोडताना दोघांना एकदम सोडतीलच असं नाही. पेटीबाहेर अंग गरम राहतं, सगळं दूध तोंडानं घेतो, वजन वाढतंय, काही दिवसांत श्वास थांबलेला नाही, हे ज्याचं जमलं तो आधी निघतो. एक घरी आणि एक आत, हा काळ मला सगळ्यात कठीण वाटतो. विभागात असताना निदान दोघं एका छताखाली होती. या दिवसांत घरच्या बाळाला सांभाळायला एक माणूस पक्का ठरवा आणि आईला आतल्या बाळाकडे येऊ द्या. घरी आल्यावर दोघांना एका पाळण्यात झोपवायचा मोह होईल, पण झोपायला जागा वेगळ्याच हव्यात आणि झोपवायचं ते पाठीवर.

वयाचा हिशोब पहिली दोन वर्षं दुहेरी ठेवा. जन्मतारखेवरून लसी, आणि मूळ ठरलेल्या तारखेवरून बसणं, रांगणं, बोलणं. दोन महिने आधी आलेलं बाळ आठव्या महिन्यात सहा महिन्यांच्या बाळासारखं वागलं तर ते मागे नाही. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र थांबत नाही. फार लवकर आलेल्या बाळांत ती साधारण जन्मानंतर चार आठवड्यांनी सुरू होते, पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि उपचाराची वेळ हुकली तर नजर जाऊ शकते. घरी आणलेल्या बाळाची तारीख लक्षात राहते, आत असलेल्याची आम्ही बघतो. घोळ होतो तो दोघं घरी आल्यावर, एकाची तपासणी झाली की दुसऱ्याचीही झाली असं वाटून. म्हणून सुटी मिळताना दोन्ही फायली उघडा, दोन्हींवरच्या पुढच्या तारखा स्वतः वाचा आणि मगच सही करा.

नमस्कार.