हरळीचे बेणे

साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या सोंडा जिथे माळाला येऊन मिळतात तिथे, सुमारे पन्नास एकरांवर नऊ होलचे एक गोल्फचे मैदान आहे. या चित्रफितीत आत्ता पडद्यावर दिसणारी छायाचित्रे त्याच मैदानाची आहेत. ती मी मार्च महिन्यात, कामाच्या पहिल्या दिवशी काढली. मैदान पाच वर्षे बंद होते. छातीएवढे वाळलेले गाजर गवत, कडेकडेने माजलेली घाणेरी, चोरीला गेलेली तुषार सिंचनाची तोंडे, आणि तिसऱ्या ग्रीनच्या बरोबर मधोमध उभी राहिलेली एक बाभूळ. तिच्या सावलीत त्या दिवशी शेळ्या बसल्या होत्या.

हे मैदान पुन्हा खेळण्याजोगे करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा माझ्या हाताखाली अकरा माणसे देण्यात आली. सहा बायका आसपासच्या गावांतून भांगलणीला आणि ऊस लावणीला जाणाऱ्या होत्या. पाच पुरुषांपैकी दोघे ट्रॅक्टर चालवणारे, दोघे पाइपलाइनची कामे करणारे, आणि पाचवे सत्तरीला टेकलेले आबा, ज्यांचे आयुष्य मुकादमीत गेले. गोल्फचा चेंडू त्यांच्यापैकी कोणीही हातात धरलेला नव्हता. मी उद्यानविद्येची पदवी घेऊन दहा वर्षे मैदानांची निगा राखण्याचे काम केले आहे. तरीही पुढे जे सांगणार आहे त्यातले निम्मे मला या माणसांनी दाखवलेले आहे.

ग्रीन म्हणजे होलभोवतीचा तो भाग, जिथे चेंडू उडवायचा नसतो, तर जमिनीवरून घरंगळत होलपर्यंत न्यायचा असतो. तिथले गवत अवघे चार-पाच मिलिमीटर उंचीचे ठेवतात, आणि आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात ते गवत म्हणजे बहुतेक वेळा हरळीच असते. इंग्रजीत तिला बर्म्युडा गवत म्हणतात आणि वनस्पतिशास्त्रात सायनोडॉन डॅक्टिलॉन. पण ही तीच हरळी आहे, जिच्या काश्या, म्हणजे जमिनीखाली पसरणारे दांडे, नांगरटीनंतर वेचून बांधावर जाळल्या जातात, आणि तीच दूर्वा आहे, जिच्या एकवीस जुड्या आपण गणपतीला वाहतो. इथे हरळी जगवायची आहे, असे मी पहिल्या सकाळी सांगितले, तेव्हा सर्वांत वडीलधाऱ्या मावशी खुरपे हातात घेऊन काही वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. ‘‘ताई, चाळीस वर्सं ती मारायला बघतोय आमी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जगवायची म्हंजी काय करायचं, ते तुमी सांगा.’’

सांगण्यासारखे होते, ते असे. ग्रीनवर जी हरळी लावलेली होती तिला टिफड्वार्फ म्हणतात. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे साधी हरळी आणि आफ्रिकेतील बारीक पानांची एक जात यांच्या संकरांवर काम झाले, आणि त्यातून १९६५ मध्ये ही ठेंगणी जात प्रसारित झाली. ती बी धरत नाही. तिची वाढ करायची तर कांड्याच लावाव्या लागतात. हे ऐकल्याबरोबर मावशी म्हणाल्या, ‘‘मंग हे बेनंच की, उसागत.’’ त्या क्षणापासून आमच्यात ‘बेणे’ हाच शब्द रूढ झाला, आणि मला तो कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या शब्दापेक्षा नेमका वाटतो.

गवताला हात लावण्याआधी आम्ही दोन महिने पाण्याचा निचरा दुरुस्त करण्यात घालवले, आणि ही गोष्ट मी आग्रहाने सांगते, कारण बंद पडलेले मैदान ताब्यात आले की प्रत्येकाला आधी हिरवे काहीतरी दाखवण्याची घाई होते. चांगले बांधलेले ग्रीन म्हणजे नुसती माती नसते. वरचा सुमारे तीस सेंटिमीटरचा थर प्रामुख्याने वाळूचा, त्याखाली दहा सेंटिमीटर खडी, आणि सर्वांत खाली चरांमध्ये बसवलेले सच्छिद्र पाइप, अशी ही रचना आहे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ती १९६० मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. बारीक वाळू जिथे जाड खडीला टेकते तिथे पाणी आपोआप अडून राहते आणि मुळांना मिळते. वाळू पुरेशी भरली की मात्र तेच पाणी वजनाने खडीत उतरते आणि पाइपांवाटे निघून जाते. साताऱ्यात वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, त्यामुळे हा मार्ग बंद झाला तर ग्रीनची अवस्था तळाला भोक नसलेल्या कुंडीसारखी होते.

तिसऱ्या ग्रीनवर आम्ही हातभर खोल खड्डा घेतला. वरची वाळू कोरडी ठणठणीत होती, पण वीतभर खाली दोन बोटे जाडीचा काळा थर लागला आणि त्याला कुजलेल्या अंड्याचा वास होता. मुळे जिथवर गेली होती तिथेच थांबली होती. आबांनी तो काळा गोळा हातात घेतला, नाकाशी नेला, आणि ग्रीन खोदू नका, पाइपाचे तोंड शोधा, असे सांगितले. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींत निचऱ्यासाठी सच्छिद्र पाइप घालण्याच्या कामावर त्यांनी काही हंगाम काढले होते. उसाला वर्षानुवर्षे भरमसाट पाणी दिल्याने त्या जमिनी फुगल्या, क्षार वर आले, आणि मग जमिनीच्या पोटातून पाणी काढण्याची वेळ आली. ते दुखणे आणि हे दुखणे एकच आहे, हे आबांनी ओळखले.

तोंड शोधायला दीड दिवस लागला. ते ओघळीच्या काठावर, घाणेरीच्या जाळीत, गाळाखाली गाडलेले होते. पाइपलाइनच्या पोरांनी गाळ उपसला तेव्हा आत हात जाईना. आबांनी तारेचा आकडा करून आत घातला आणि दोघांनी मिळून ओढले, तेव्हा बाईच्या वेणीसारखी घट्ट विणलेली मुळांची एक दोरी बाहेर येऊ लागली. हातभर आली, दोन हात आली, चार हात आली. ती मधल्या बाभळीची मुळे होती; पाण्याच्या वासाने ती पाइपाच्या छिद्रांतून आत शिरली होती. दोरी सुटली आणि आतून आधी काळे, मग गढूळ पाणी आले. दुसऱ्या दिवशी आम्ही वरून पाणी सोडून पाहिले, तेव्हा तोंडाशी ते जवळजवळ स्वच्छ पडत होते. आबा तिथे उकिडवे बसून बराच वेळ ओंजळीत पाणी घेऊन पाहत होते, आणि ते दृश्य टिपायला त्या दिवशी माझ्याजवळ कॅमेरा नव्हता, याची मला आजही हळहळ वाटते.

वाळूची गोष्टही इथेच सांगायला हवी. वरचा थर पुन्हा भरायचा, तर नदीची वाळू सहजी मिळत नाही, आणि क्रशरची वाळू घ्यावी तर तिच्यात दगडाची भुकटी असते. ती भुकटी वाळूच्या कणांमधल्या जागा बुजवते आणि निचऱ्याचे सगळे काम पाण्यात जाते. त्यामुळे आलेल्या प्रत्येक खेपेतली मूठभर वाळू आम्ही पाण्याच्या बाटलीत घालून हलवली आणि बाटली भिंतीवर ठेवली. वाळू लगेच बसते, पाणी गढूळ राहते, आणि तासाभराने वाळूवर राखाडी सायीचा थर जमतो. साय जाड असेल ती खेप आम्ही धुऊन आणि चाळूनच वापरली.

मे महिन्यात बेणे निवडण्याचे काम निघाले. जुनी ठेंगणी हरळी ग्रीनवर ठिकठिकाणी तग धरून होती, पण रानटी हरळी तिच्यात शिरली होती, आणि दोन्ही एकाच कुळातल्या असल्यामुळे रानटी तेवढी मारील असे औषध फवारणे शक्य नव्हते. हे काम हातानेच होणार होते. पडद्यावर मावशींचे हात जवळून दिसत आहेत. त्या कांडी उचलतात, नखाने पेर दाबून पाहतात आणि एकतर पाटीत टाकतात किंवा मागे फेकतात. रानटी हरळीची पेरे लांब, पान रुंद. ठेंगणीची पेरे इतकी आखूड, की नखाच्या रुंदीत दोन-दोन बसतात. मी हे ओळखते ते डोळ्याने, त्यांनी ते स्पर्शाने ओळखायला दोन दिवस घेतले, आणि तिसऱ्या दिवसापासून त्या माझ्यापेक्षा वेगाने आणि कमी चुका करत निवड करू लागल्या. ज्या हातांनी उभा जन्म हरळी उपटली त्या हातांना तिची पेर न् पेर ठाऊक असणार, हे खरे तर मला आधीच सुचायला हवे होते.

शेतमजुरीत बाईची हजेरी पुरुषापेक्षा कमी धरण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. इथे सर्वांची हजेरी एकच राहील, अशी अट मी काम स्वीकारतानाच घातली होती, आणि या निवडीचे काम ज्याने पाहिले असेल त्याला त्या अटीचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

मृग निघाला आणि लावण सुरू झाली. कांड्या पसरायच्या, वर वाळूची पातळ पाखर घालायची, हलका रोलर फिरवायचा, आणि पाऊस उघडला की दिवसातून चार-पाच वेळा नुसता ओलावा राहील इतकेच पाणी द्यायचे. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणाऱ्या लांब गवताळ पट्ट्यांवर, आम्ही फार काही केले नाही. गाजर गवत फुलण्याआधी उपटले, लव्हाळ्याच्या गाठी खणून काढल्या, आणि साध्या हरळीला पावसाच्या भरवशावर पसरू दिले, ती पसरलीच.

पाण्याविषयी मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे, कारण याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण आणि खटाव तालुके आहेत, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नऊ ग्रीनचे मिळून क्षेत्र सुमारे पंचेचाळीस गुंठे, म्हणजे एकरापेक्षा थोडेसे जास्त भरते. तेवढ्यावर दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे, तर साडेबावीस हजार लिटर लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे सव्वादोन टँकर. पन्नासही एकर हिरवे ठेवायचे ठरवले असते, तर हा आकडा चाळीसपटींहून जास्त झाला असता. म्हणून उन्हाळ्यात पाणी मिळेल ते फक्त ग्रीन आणि टी, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागा, यांनाच, आणि तेही मैदानावरच्या शेततळ्यात साठलेले पावसाचे. फेअरवे चैत्र-वैशाखात पिवळे पडतील आणि पडू द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. हरळी वरून वाळते, खाली काशी जिवंत असते, आणि वळवाच्या एका सरीने ती पुन्हा फुटते.

भाद्रपदात पाचव्या ग्रीनवर पिवळे डाग दिसू लागले. पाणी पुरेसे होते, तरी गवत दुपारी मलूल होई, आणि सकाळी साळुंक्या व बगळे तिथे टोचे मारताना दिसत. मी बुरशीच्या दिशेने विचार करत होते आणि औषधाची मागणी लिहायला बसले होते. मावशींनी डागाच्या कडेला गुडघे टेकले, दोन्ही मुठींत गवत धरून ओढले, आणि ते गोधडी उचलावी तसे अलगद उचलले गेले, कारण त्याला खाली मुळेच उरलेली नव्हती. उघड्या पडलेल्या वाळूत पांढऱ्या, अर्धगोल मुडपलेल्या, तांबूस डोक्याच्या अळ्या होत्या. वीतभर जागेत मोजून नऊ. ‘‘हुमणी,’’ सगळ्याजणी एकदमच म्हणाल्या. सातारा-सांगलीच्या ऊसकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आम्ही अळ्या हाताने वेचल्या, संध्याकाळी मेटारायझियम ही हुमणीवर वाढणारी बुरशी पाण्यातून दिली, आणि पुढच्या वळवाला भुंगेरे बाहेर पडतील तेव्हा कडुनिंब आणि बाभळीखाली प्रकाश सापळे लावायचे, हे वहीत लिहून ठेवले.

माझी एक चूकही या चित्रफितीत असायला हवी. गवताच्या उंचीचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग एका वेळी कापू नये, हा नियम मी सर्वांना शिकवला होता. दिवाळीआधी पाहुणे मैदान पाहायला येणार होते, आणि मी घाईने दुसऱ्या ग्रीनवर गवत कापायचे मशीन बारा मिलिमीटरवरून एकदम सहावर उतरवले. वरची पाने गेली आणि खालचे पिवळे दांडे उघडे पडले. पाहुण्यांना वाळलेल्या काडाच्या रंगाचे ग्रीन दिसले, आणि ते पुन्हा हिरवे व्हायला तीन आठवडे गेले. त्यानंतर मशीनची उंची मी आणि ट्रॅक्टरवाले दोघे मिळून, एका वेळी एक मिलिमीटर याच हिशेबाने उतरवत गेलो. मशीनच्या फिरत्या सिलिंडरची पाती रोज वर्तमानपत्राच्या पट्टीवर तपासली जातात. कागद कात्रीने कापल्यासारखा कापला गेला तर मशीन मैदानात जाते, फाटला तर पुन्हा धार लावायला.

आता दिसते आहे ती मार्गशीर्षातली सकाळ आहे. बांबूची लांब काठी ग्रीनवरून आडवी फिरवून दव झाडले जाते, कारण पानांवर पाणी साचून राहिले की बुरशीला वाट मिळते. त्यानंतर आबा होल कापतात. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, असा जगभर एकच ठरलेला आहे. होलची जागा नेमाने बदलतात, म्हणजे एकाच ठिकाणचे गवत तुडवले जात नाही. नव्या जागेचा निघालेला गोळा जुन्या भोकात बसवायचा आणि तळव्याने दाबायचा.

ग्रीनचा वेग मोजण्याचे साधन अगदी साधे आहे. १९३५ मध्ये एडवर्ड स्टिम्पसन या खेळाडूने ते प्रथम लाकडाचे केले; आमचे ॲल्युमिनियमचे आहे, खोबण असलेली छत्तीस इंची पट्टी. खोबणीत चेंडू ठेवून पट्टीचे टोक हळूहळू उचलायचे, चेंडू आपसूक सुटला की तो किती फूट जातो ते मोजायचे. तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने. तिसऱ्या ग्रीनवर, जिथे बाभूळ होती तिथून दहा पावलांवर, मी पट्टी उचलली आणि मावशींनी टेप धरला. जाताना सात फूट एक इंच, सात फूट तीन, सात फूट दोन. उलट येताना सहा फूट नऊ, सहा फूट दहा, सहा फूट अकरा. मावशी खाली वाकल्या, गाल जवळजवळ गवताला टेकवून त्यांनी ग्रीनच्या अंगाने नजर लावली आणि म्हणाल्या, ‘‘इकडनं चढ हाय, बोटभर.’’ मी वहीत लिहिले, तिसरे ग्रीन, सरासरी सात फूट, आणि टेप गुंडाळून आम्ही चौथ्याकडे निघालो.