जरपालचा रणगाडा आणि त्यातले चौघे

नमस्कार मंडळी.

१६ डिसेंबर म्हटलं की आपल्याला ढाक्याची शरणागती आठवते. १९७१ च्या त्याच दिवशी पश्चिम आघाडीवर, शकरगडच्या पट्ट्यात, बसंतर नदीपलीकडच्या जरपालला एकवीस वर्षांचा एक अधिकारी आपल्या रणगाड्यात धारातीर्थी पडला. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५० चा. शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, ३८ वा कोर्स, फॉक्सट्रॉट स्क्वाड्रन. तिथून डेहराडूनची लष्करी अकादमी आणि जून १९७१ मध्ये १७ पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट. युद्ध पेटलं तेव्हा हा मुलगा नगरला आर्मर्ड कोअरच्या शाळेत तरुण अधिकाऱ्यांचा कोर्स करत होता. तो अर्धवट सोडून थेट आघाडीवर गेला.

त्याचं वायरलेसवरचं शेवटचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ते उत्तर तिथे आणि तेव्हाच का आलं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

१५ तारखेच्या रात्री आपलं पायदळ नदीपलीकडे पोचलं. रणगाडे मागून यायचे होते, पण मध्ये सुरुंगांचा रुंद पट्टा होता. रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या वजनानं सहसा फुटत नाही. आपल्या पन्नास टनांच्या सेंच्युरियन रणगाड्याखाली फुटतो. साखळी तुटते, रणगाडा जागच्या जागी बसतो आणि मागच्या सगळ्यांची वाट अडते. म्हणून इंजिनिअर आधी एक अरुंद वाट साफ करतात आणि दोन्ही कडांना खुणा लावतात. त्या रात्री ही वाट अर्धीच झाली होती आणि पलीकडून शत्रूचे रणगाडे हलू लागल्याच्या खबरा येत होत्या. उजाडल्यावर नुसत्या पायदळाचा त्यांच्यापुढे निभाव लागला नसता. पूना हॉर्सनं उरलेल्या सुरुंगांतूनच रणगाडे घातले आणि पहाटे जरपालला ३ ग्रेनेडियर्सच्या पायदळाला गाठलं.

सकाळी आठच्या सुमारास धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या १३ लान्सर्स रेजिमेंटचे पॅटन रणगाडे आले. ‘बी’ स्क्वाड्रननं मदत मागितली आणि ‘ए’ स्क्वाड्रनमधला अरुण आपली तुकडी घेऊन निघाला. वाटेतली शत्रूची ठाणी मोडून काढत तो पोचला. लढाई भरात आली तेव्हा त्या बाजूला आपले तीनच रणगाडे होते. एकाला गोळा लागला, दुसऱ्याची तोफ अडकली. उरला तो अरुणचा ‘फामागुस्ता’.

मग फामागुस्तालाही गोळा लागला, त्यानं पेट घेतला. रणगाडा सोडण्याचा हुकूम आला. अरुणनं कळवलं, तोफ अजून चालते आहे, मी सोडणार नाही. सेंच्युरियनमध्ये चौघं असतात: कमांडर लक्ष्य हेरतो, गनर नेम धरतो, लोडर गोळा भरतो आणि वायरलेस सांभाळतो, ड्रायव्हर गाडी हाकतो. जळत्या रणगाड्यातून मारा करायचा तर चौघांनीही जागा सोडून चालत नाही. आणि तो मागे सरकता, तर त्या खिंडारात दुसरं कुणीच नव्हतं. रात्री सुरुंगांतून काढलेल्या वाटेपर्यंत शत्रूला मोकळं रान मिळालं असतं. माझ्या मते ते धाडस होतंच, पण अचूक हिशेबही होता. त्याच्या नावावर चार रणगाडे आहेत. शेवटचा जेमतेम शंभर मीटरवर टिपलेला. त्यानंतर दुसरा गोळा आला आणि त्यात अरुण गेला.

त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पूना हॉर्सचं हे दुसरं; पहिलं १९६५ मधलं, पुण्यात शिकलेल्या लेफ्टनंट कर्नल तारापोर यांचं. प्रबोधिनीच्या परेड ग्राउंडला आज खेत्रपालचं नाव आहे आणि फामागुस्ता नगरला जतन केलेला आहे.

२००१ मध्ये त्याचे वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, पाकिस्तानात आपलं जुनं गाव पाहायला गेले. लाहोरमध्ये ज्यांच्या घरी ते उतरले, ते ब्रिगेडियर नासेर त्या सकाळी १३ लान्सर्समध्ये होते. त्यांनी स्वतः वडिलांना सांगितलं, की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

एक विनंती. १६ डिसेंबरला मंडळाच्या फलकावर आपण अरुणचं नाव लिहितो. त्याखाली गनर नाथू सिंग, ड्रायव्हर प्रयाग सिंग आणि वायरलेस सांभाळणारा नंद सिंग ही नावंही लिहू या. नंद सिंग त्याच रणगाड्यात गेला.