रुईवरचा नाकतोडा आणि जलकुंभीतला सोंड्या

नमस्कार मंडळी! शनिवारी मारुतीला रुईची माळ घालतो ना आपण, त्या रुईचा चीक डोळ्याला लागला तर काय हाल होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, गुरंसुद्धा तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि तरी आपल्या इंदूरला बायपासकडच्या रिकाम्या प्लॉटवर बघा, रुईच्या झुडपाची पानं देठापर्यंत कुरतडलेली सापडतील. हे काम पिवळ्या-निळ्या पट्ट्यांच्या नाकतोड्याचं. रंग एवढा भडक आणि तरी जवळ गेलात तर साहेब फारसे हलत नाहीत, कारण रुईचं विष तो नुसतं पचवत नाही, अंगात साठवून ठेवतो. पिल्लू चिमटीत धरलं की पाठीतून विषारी पाण्याची पिचकारी मारतं, काही इंच लांब जाते, तेव्हा तोंड जवळ नेऊ नका.

आता दुसरा पठ्ठ्या. आपल्या कान्ह नदीच्या संथ पाण्यात जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, माजते, ती मूळ दक्षिण अमेरिकेची, आणि तिला खाणारा सोंड्या, म्हणजे सोंडेसारख्या तोंडाचा छोटा भुंगेरा, तोही तिकडचाच. आपल्याकडे मुद्दाम आणलाय, १९८३ च्या सुमारास बंगळुरूकडच्या तळ्यांत सोडला होता. पाचेक मिलिमीटरचा, मातकट, दिवसा पानांच्या बेचक्यात दडून बसणार, रात्री पानाचा पापुद्रा खरवडणार. पण खरा उद्योग त्याच्या अळीचा! ती देठ पोखरत खाली उतरते, त्यात पाणी शिरतं, देठ कुजतो आणि झाडाची तरंगायची ताकदच जाते. कोष कुठे करते माहितीये? पाण्याखाली, मुळांचे तंतू गुंडाळून केलेली गोळी मुळालाच चिकटवून. नाकतोड्याची मादी मात्र अंडी मातीत घालते.

मला विचाराल तर देखणा नाकतोडा, पण कर्तबगार सोंड्या. मग जलकुंभी संपत का नाही? अहो, नाल्याचं पाणी मिळालं की ती पंधरवड्यात दुप्पट होते, आणि याची एक पिढी व्हायला तीनेक महिने लागतात. त्यात जिथे हा सोडलाय तिथेही लोकांना घाई, पोकलेन लावून सगळी जलकुंभी एकदम उपसतात, म्हणजे हाही ट्रॉलीत गेला, आणि काठाशी उरलेले चार कोंब परत पसरायला मोकळे.