सामाईक तारेचा मालक कोण?

(रत्नागिरीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘एका कार्डातली अनेक फंक्शन्स आणि त्यांचे ड्रायव्हर’. फंक्शन म्हणजे एकाच कार्डात नांदणारं स्वतंत्र उपकरण, आणि ड्रायव्हर म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम. माइक सुरू होईपर्यंत बराच वेळ गेला, म्हणून थेट मुद्द्याला हात घालतो. प्रत्येक फंक्शनचा ड्रायव्हर खुशाल वेगळा लिहा, पण पहिली ओळ लिहिण्याआधी त्या फंक्शन्समध्ये सामाईक काय काय आहे, याची यादी कागदावर करा. आपल्याकडे रजिस्टरं, म्हणजे उपकरणातले स्थितीचे आणि नियंत्रणाचे कप्पे, शिकवतात; प्रोब, म्हणजे सापडलेलं उपकरण ड्रायव्हरनं ताब्यात घेणं, शिकवतात. ही यादी कोणी करायला लावत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

कॅबिनेट उघडून स्लॉटमधलं कार्ड स्वतः काढलंय असे किती जण आहेत? हात वर करा. वा, मागच्या रांगांत जास्त हात! वर्गात मागे बसणारी मुलं घरी जास्त उचापती करतात, हे मी कधीचं सांगतोय.

पीसीआय ही पीसीला कार्डं जोडणारी बस; तिच्या पत्त्यात बस क्रमांकाला ८ बिट, डिव्हाइसला ५ आणि फंक्शनला ३, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे एका डिव्हाइसमध्ये जास्तीत जास्त ८ फंक्शन्स. शून्य क्रमांकाचं असायलाच हवं. त्याच्या हेडर टाइप रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट १ असेल तरच बाकीची सात शोधायची. हा बिट न बघता शोधत सुटलात तर काही एकफंक्शनी कार्डं आठही क्रमांकांना ‘हजर’ म्हणतात, आणि तुम्हाला एकाच कार्डाची आठ भुतं दिसतात. प्रत्येक फंक्शनची कॉन्फिगरेशन स्पेस, म्हणजे ओळख आणि जुळणीची रजिस्टरं, वेगळी, आयडी वेगळा. जुन्या टीव्ही ट्यूनर कार्डांवरची बीटी ८७८ चिप आठवा: शून्य नंबरला चित्र, एक नंबरला आवाज, आणि लिनक्समध्ये दोघांना दोन स्वतंत्र ड्रायव्हर. प्रोब दोनदा होतो, दोन वेगळ्या ड्रायव्हरांचा. इथवर सगळं सरळ आहे.

आता देवगडची गोष्ट सांगतो, कारण माझा सगळा राग तिथला आहे. एका बागायतदारांच्या पॅकिंग शेडमध्ये जुना पीसी होता. मदरबोर्डवर पोर्ट नव्हते म्हणून एक कार्ड बसवलेलं: एका फंक्शनवर सिरियल पोर्ट, त्याला वजनकाटा, दुसऱ्यावर पॅरलल पोर्ट, त्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. हंगाम ऐन भरात. हापूस वजनावर निवडायचा, पेटी भरायची, पावती फाडायची, आणि रात्री ट्रक वाशीला सुटायचा. तर होत होतं काय, की एखाद्या दिवशी काटा चाले आणि प्रिंटर मुका. पीसी बंद करून चालू केला की कधी प्रिंटर चाले आणि काटा गप्प. दोन्ही एकत्र कधीच नाहीत. बागायतदार काकांनी निदान केलेलं होतं: “खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान कार्ड.” शेडमधला पोरगा रोज कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासायचा. पट्ट्या इतक्या लख्ख, की शोरूममधल्या कार्डानं लाजावं. कार्ड विकणाऱ्या कंपनीला फोन केला तर एकच उत्तर, “कार्ड बदला.” त्यांनी एकदा बदललंही. नवं कार्डही तसंच वागलं. त्यावर कंपनी म्हणाली, तुमच्याकडची हवा दमट आहे.

माणसाच्या वर्षभराच्या कमाईचे चार आठवडे, मजुरांच्या रांगा, आणि पावत्या हातानं लिहिल्या जातायत. आणि तुम्ही हवेला दोष देता? कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडून एक ओळ वाचायची तसदी कोणी घेतली नव्हती. त्या ओळीत स्वच्छ लिहिलेलं होतं की दुसऱ्या ड्रायव्हरला इंटरप्ट, म्हणजे उपकरणानं प्रोसेसरला द्यायचा इशारा, मिळाला नाही; तो इशारा नेणारी तार, म्हणजे लाइन, आधीच कोणीतरी घेतलेली आहे.

दोन्ही फंक्शन्सची इंटरप्ट लाइन एकच होती. सिरियलचा ड्रायव्हर ती ‘सामाईक’ म्हणून मागायचा. कंपनीनं दिलेला पॅरललचा ड्रायव्हर मात्र एकट्यासाठी मागायचा. लिनक्सचा नियम असा, की वाटून घ्यायची तर सगळ्यांनी तसं म्हणायला हवं; एकानंही नकार दिला तर मागून येणाऱ्याला हात हलवत परत जावं लागतं. म्हणजे बूट होताना जो आधी पोचेल तो जगला. आपल्याकडे वाडीतल्या सामाईक विहिरीला एकानं कुलूप घालावं, तसला प्रकार. ड्रायव्हरचा सोर्स सीडीवर होता, एवढं त्या कंपनीचं भलं. डॉट मॅट्रिक्सला इंटरप्ट लागतोच असं नाही, पोलिंगवर, म्हणजे ड्रायव्हरनं पुन्हा पुन्हा विचारत राहिलं तरी, तो व्यवस्थित छापतो. म्हणून पॅरललच्या ड्रायव्हरमधून इंटरप्टची मागणीच काढून टाकली. काटा आणि प्रिंटर दोन्ही चालू झाले. कार्ड अर्थातच तेच.

तुम्ही विचाराल, नुसता सामाईकचा फ्लॅग का नाही लावला? कारण फ्लॅग लावणं म्हणजे जबाबदारी घेणं आहे. लाइन हलली की कर्नल सगळ्या वाटेकऱ्यांच्या हँडलरना, म्हणजे इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडला, हाक मारतो. प्रत्येकानं आपलं स्टेटस रजिस्टर वाचून प्रामाणिकपणे सांगायचं: माझा, किंवा माझा नाही. साध्या पॅरलल पोर्टात हे खात्रीनं सांगेल असं रजिस्टरच नसतं. आणि कोणीच ‘माझा’ म्हटलं नाही तर? एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले, की कर्नल ती लाइनच बंद करतो. मग निर्दोष शेजारीही उपाशी.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. यादीतलं उरलेलं भरभर सांगतो.

काही कार्डांत फंक्शन एकच, पण आत कामं अनेक. तिथे एका पालक ड्रायव्हरनं कार्ड ताब्यात घ्यायचं आणि पोटविभाग करून द्यायचे. लिनक्समध्ये यासाठी एमएफडी (मल्टि-फंक्शन डिव्हाइस) ही सोय आहे, आणि ५.११ आवृत्तीपासून ऑक्झिलरी बस ही दुसरी सोय आहे. नेटमॉसच्या सिरियल-पॅरलल कार्डांत तर सबसिस्टिम आयडीच्या शेवटच्या दोन अंकांत पोर्टांचा हिशेब असतो: १२ म्हणजे एक पॅरलल, दोन सिरियल. तो ड्रायव्हर जरूर वाचा. त्याला अपवाद असलेलं कार्डही तिथे नोंदवलंय.

विजेचंही तेच. पीसीआय एक्सप्रेसवर एक फंक्शन झोपवलंत म्हणून लिंक झोपत नाही. सगळी झोपावी लागतात. तुमचं फंक्शन जागं राहिलं तर बॅटरी सगळ्यांची जाते.

शेवटचं, रीसेट. फंक्शनपुरता रीसेट कार्डात असेल तर तोच वापरा. नसेल आणि अख्खी बस रीसेट करायला गेलात, तर शेजारच्या फंक्शनचं चालू काम मध्येच तुटतं. म्हणून एका फंक्शनचा रीसेट मागितल्यावर कर्नल त्या बसवर दुसरं कोणी आहे का हे आधी बघतो, आणि असेल तर बसला हात लावत नाही. तुमच्या ड्रायव्हरमध्ये बिघाडानंतर सावरण्याचा कोड लिहाल तेव्हा हा नकार गृहीत धरून लिहा: तो आला तर रजिस्टरं एकेक करून मूळ स्थितीत आणायची, आणि तेही जमलं नाही तर फंक्शन बंद करून लॉगमध्ये कारण लिहायचं.