पूर ओसरल्यावरची विहीर

ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोका पातळी ४५ फूट. पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा तिला मिळते. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती.

भिंतीवरची ही चिखलाची रेघ बघा, डोक्याच्या वर आहे. नदी तुडुंब आणि नळ कोरडे, कारण नदीतून पाणी उचलणाऱ्या जॅकवेलच्या मोटारी बुडाल्या. उरते विहीर. पण कठड्यावरून पूर आत शिरलाय, गोठ्यातलं आणि संडासाच्या टाकीतलं सगळं घेऊन. जुलाब, कावीळ इथूनच.

उपसा सावकाश करायचा. बाहेरची माती पाणी पिऊन फुगलेली असते. विहीर एकदम रिकामी केली तर बांधकाम आत ढासळतं. डिझेल इंजिन काठावरच ठेवायचं. आत उतरवलं, तर त्याच्या धुरानं माणूस जातो.

गाळ निघाला, भिंती टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पाण्यानं घासल्या, झरे पुन्हा भरले. आता हिशेब. व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४, भागिले ४. झाले साधारण ३७,७०० लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर, म्हणजे इथं ९५ ग्रॅम. पुरानंतरचा पहिला डोस हजारी १५० ग्रॅम, साडेपाच किलोंच्या वर. ‘दोन ओंजळी टाका’ यात बसत नाही.

पावडर थोडी थोडी घेऊन आधी लापशीसारखी कालवायची, मग पाऊण बादली पाणी. दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरची निवळ तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन, दोरीनं पाण्याखाली सोडून वर-खाली हिसडायची. रात्रभर विहीर बंद. सकाळी पुन्हा उपसा, आणि नव्या पाण्याला रोजचा डोस.

बिघडतं ते इथं: कोपऱ्यातलं हे पोतं, तोंड उघडं, खाली ओल. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो, अशा पोत्यातून तो उडून जातो. वास मात्र राहतो, म्हणून फसगत. बाटलीबंद पाण्याच्या ट्रकचे फोटो निघतात. घट्ट झाकणाचा ड्रम कुणाला सुचत नाही.

रोजच्या डोसनंतर तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची ऑर्थोटोलिडीन चाचणी. नळीत पाणी, वर ओटीचे थेंब. पिवळी झाक यायला हवी.

आली नाही. उरलेला गाळ क्लोरीन खातोय. जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्याचं शुद्धीकरण बघणारा माणूस, पुन्हा तराजू काढतो.