लढाईचा स्कोअर

(दृश्य: १९४० चं लंडन. कृष्णधवल छायाचित्र. फुटपाथवर वर्तमानपत्रं विकणारा, शेजारी काळा फळा.)

हा फळा नीट बघा. खडूनं लिहिलंय: आजवरचा सर्वांत मोठा हल्ला. स्कोअर ७८ विरुद्ध २६. इंग्लंडची बॅटिंग चालू!

दुसऱ्या महायुद्धाच्या त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात रोज विमानं पडत होती. जर्मनांची ७८ पाडली, आपली २६ गेली, एवढंच या विक्रेत्याला सांगायचंय. ते तो क्रिकेटच्या भाषेत सांगतो. गिऱ्हाईक हसतं, पैसे काढतं, पेपर घेऊन जातं. मला हा माणूस फार आवडतो. डोक्यावर मरण घिरट्या घालत असताना त्याला धावफलक सुचला.

(दृश्य: इंदूर. राजवाड्यासमोरची सकाळ. पेपरचे गठ्ठे सुटताहेत.)

इंदूरच्या माणसाला हा फळा समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा हे होळकरांचं राज्य, गादीवर यशवंतराव होळकर, आणि संस्थानाची क्रिकेट टीम अशी, की तिच्यापुढे मुंबईलाही घाम फुटावा. मुंबई-पुण्याकडचे मराठी पेपर खंडव्याहून छोट्या लाइनीच्या गाडीनं यायचे. नर्मदा ओलांडायची, घाट चढायचा, महू घ्यायचं आणि मग इंदूर. हातात पडेपर्यंत लढाई पुढे सरकलेली असायची. पण आकडा वाचायची ओढ तीच. किती पाडली, किती बुडाली, किती पकडले!

या आकड्यांचीच गंमत आज सांगायची आहे.

१५ सप्टेंबर १९४०. ब्रिटननं जाहीर केलं, एका दिवसात १८५ जर्मन विमानं पाडली. दुसऱ्या दिवशी हा आकडा मथळ्यांत झळकला. लढाई संपल्यावर जर्मनांची दप्तरं उघडली, तेव्हा खरा आकडा निघाला साधारण ६०. वैमानिक खोटं बोलत नव्हते. एका विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, ते धूर सोडत खाली गेलं, तिघांनीही परत येऊन सांगितलं, "एक पाडलं." एकच झेल तीन क्षेत्ररक्षकांच्या नावावर. मैदानात स्कोअरर बसलेला असतो, आकाशात कोण बसणार?

माघारीचे मथळे तर वाचताना हसू आवरत नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये जपाननं पॅसिफिकमधलं ग्वादलकनाल बेट सोडलं. माघार हा शब्द सरकारला नको होता. म्हणून पत्रकात शब्द आला 'तेन्शिन'. म्हणजे वळून दुसऱ्या दिशेनं आगेकूच!

(दृश्य: पॅसिफिक महासागर, आरमार. जुनी चित्रफीत.)

आता माझी सर्वांत लाडकी हकीकत. ऑक्टोबर १९४४. तैवानजवळ हवाई लढाई झाली आणि टोकियोनं जाहीर केलं, अमेरिकेची ११ विमानवाहू जहाजं बुडवली. जपानमध्ये जल्लोष झाला. प्रत्यक्षात एकही विमानवाहू जहाज बुडालं नव्हतं. जपानचे वैमानिक नवखे होते. अंधारात समुद्रावर पेटून पडलेली आपलीच विमानं त्यांना शत्रूची जळती जहाजं वाटली. किती कोवळी मुलं असतील ती, आणि त्यांतली कितीतरी परतलीच नाहीत. तो विचार आला की हसू क्षणभर थांबतं.

पण मग अमेरिकेचे ॲडमिरल हॅल्सी यांचा निरोप आठवतो. तो अमेरिकेच्या आरमारानं जाहीरही केला: टोकियो रेडिओनं बुडवलेली आमची सगळी जहाजं समुद्रातून वर काढली आहेत, आणि आता आम्ही माघार घेत आहोत, शत्रूच्या दिशेनं.

आपल्याकडची बातमी मात्र काळजाला हात घालणारी. मार्च १९४२ मध्ये रॉयटर वृत्तसंस्थेनं कळवलं की सुभाषचंद्र बोस विमान अपघातात गेले. गांधीजींनी त्यांच्या आईला सांत्वनाची तार पाठवली. सुभाषबाबू बर्लिनमध्ये ठणठणीत होते. आझाद हिंद रेडिओवरून त्यांनी स्वतःच आपण जिवंत असल्याचं देशाला सांगितलं. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं आपल्या घरातल्या आज्या म्हणतात. त्या दिवसांत किती घरांत हे वाक्य बोललं गेलं असेल!

(दृश्य: महूची छावणी. मग ब्रेबॉर्न स्टेडियम, मुंबई.)

आणि आता मार्च १९४५. ब्रह्मदेशात मंडालेकडे ब्रिटिशांची चौदावी आर्मी जपान्यांशी झुंजते आहे. ७ मार्चला अमेरिकनांनी ऱ्हाइन नदीवरचा रेमागेनचा पूल धरला. जगभरचे मथळे तिकडे लागलेले. आणि इंदूरचं लक्ष मुंबईकडे, कारण रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर विरुद्ध मुंबई!

होळकरांच्या संघात एक गोरा सार्जंट-मेजर होता. डेनिस कॉम्प्टन. इंग्लंडचा हा मोठा फलंदाज युद्धामुळे लष्करात आला, महूच्या छावणीत नेमला गेला, आणि इंदूरनं त्याला आपल्या संघात घेतलं. इंग्लंडची बॅटिंग चालू, असं लंडनच्या फळ्यावर लिहिलं होतं ना? ती इथे चालू झाली, होळकरांच्या टोपीखाली.

कर्णधार सी. के. नायडू, वय ४९. मुंबईनं पहिल्या डावात ४६२ केल्या, होळकरांनी ३६०. दुसऱ्या डावात विजय मर्चंट २७८ करून गेले आणि मुंबई ७६४ वर पोचली. सी. के. यांचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू यांनी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले. नऊशे सतरा! आमच्याकडे हा आकडा उच्चारताना माणसं नकळत आपला खांदा चोळतात. मग ८६७ चं आव्हान. इंदूरच्या मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतक ठोकलं, १०९ आणि १३९. कॉम्प्टन एका टोकाला उभेच राहिले. होळकर सर्वबाद ४९२. मुंबई ३७४ धावांनी जिंकली.

चारही डावांची बेरीज करा. २०७८. ऐंशी वर्षांत त्यात एका धावेचा फरक पडलेला नाही. त्या साऱ्या युद्धातल्या आकड्यांपैकी मी डोळे मिटून मानीन असा हा एक आकडा. स्कोअररच्या पेन्सिलीनं प्रत्येक धावेपुढे रेघ मारलेली आहे.

कॉम्प्टन यांनी पुढे सांगितलेली एक गोष्ट आहे. त्या दुसऱ्या डावाआधी एका श्रीमंत व्यापाऱ्यानं त्यांना शब्द दिला होता, शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेला रोख बक्षीस. कॉम्प्टन परतले ते नाबाद २४९ करून. शंभराच्या पुढे एकशे एकोणपन्नास. घामानं निथळत ते शेटजींना शोधू लागले. शेटजींची चिठ्ठी मिळाली.

अत्यंत तातडीच्या कामासाठी ते कलकत्त्याला गेले होते.

(दृश्य: धावपुस्तकाचं पान. बोट एका ओळीवर थांबतं: कॉम्प्टन, नाबाद, २४९.)