खाँसाहेबांचा तंबोरा : अब्दुल करीम खाँ आणि मिरज

[दृश्य : मिरज, सतारमेकर गल्ली. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारांखालच्या आधारावर, कानस फिरवतो आहे. कानशीचा आवाज तसाच ठेवावा, खाली संगीत नको.]

कानशीचे दोन हलके हात. तार पुन्हा जागेवर आणायची, खुंटी पिळून सुरात घ्यायची, छेडायची आणि ऐकायचं. मनासारखं झालं नाही की तार बाजूला सारून पुन्हा कानस. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावणं म्हणतात ते हे काम. चार तारांच्या चार जवाऱ्या एकसारख्या बोलेपर्यंत कारागीर उठत नाही.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे काम स्वतःच्या हातानं करायचे. खाँसाहेब गवई होते, बीन वाजवायचे, सारंगी जाणायचे, आणि वाद्य बिघडलं तर ते उघडून दुरुस्त करायलाही बसायचे. त्यांच्या गाण्याबद्दल खूप बोललं जातं, दुरुस्तीबद्दल एखादं वाक्य येतं आणि विषय संपतो. हा अन्याय आहे. ज्या कानानं ते गायचे, त्याच कानानं जवारी तपासायचे. गळ्यातला गंधार त्यांनी तंबोऱ्यातून ऐकून घेतलेला होता.

[दृश्य : नकाशा. कैराना, बडोदा, मुंबई, मिरज.]

जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. वडील काले खाँ. घरात गाणं आणि सारंगी दोन्ही. तरुणपणी भाऊ अब्दुल हक यांच्यासोबत ते बडोदा दरबारी आले. तिथं राजघराण्याच्या नात्यातल्या ताराबाई माने यांच्याशी सूत जुळलं आणि दोघांना बडोदा सोडावं लागलं. मुंबईमार्गे ते मिरजेला आले. १९०५ साली इथंच त्यांच्या मुलीचा, हिराबाईंचा, जन्म झाला, पुढच्या हिराबाई बडोदेकर.

मिरज का? पटवर्धनांचं हे संस्थान गाण्याला आधीपासून सरावलेलं होतं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते आणि विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथंच शिकले. शिवाय मिरज हे रेल्वेचं जंक्शन. पुण्याकडून धारवाड-हुबळीकडे आणि पुढं म्हैसूरला जाणाऱ्या गवयाची वाट इथूनच जायची, आणि खाँसाहेबांना तर म्हैसूर दरबारचं बोलावणं असायचं. तिसरं कारण गल्लीतच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, फरीदसाहेब शिकलगारांच्या वेळेपासून, इथं सतारी आणि तंबोरे घडत आले. मूळची हत्यारांना धार लावणारी ही मंडळी संस्थानिकांच्या आश्रयानं वाद्यांकडे वळली. गवयाला हवा असलेला नाद कोणता आणि तो कुठं अडकतो, हे सांगायला समोर कारागीर आणि ऐकायला समोर गवई, अशी सोय फार थोड्या गावांत होती.

[दृश्य : दुकानाच्या माळ्यावर ओळीनं टांगलेले वाळके भोपळे.]

तंबोऱ्याची सुरुवात शेतात होते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला हा कडू भोपळा पिकवतात. फळ वेलीवरच वाळू देतात. घाईनं काढलं तर साल कोवळी राहते आणि पुढं ताण पडला की खचते. पुरुषी तंबोऱ्याला पन्नास इंचांहून मोठा घेर लागतो, बायकांच्या तंबोऱ्याला त्याहून कमी. वाळलेला भोपळा कापायच्या आधी पाण्यात भिजवून मऊ करतात, तोंड कापतात आणि आतून बांबूच्या काड्यांचा ताण देऊन तोंडाला आकार आणतात. काड्या असतानाच तो पुन्हा वाळला पाहिजे. ओलसर असताना दांडी जोडली तर नंतर भोपळा आकसतो आणि सांधा उघडतो. वाद्य दिसायला चांगलं असतं, पण खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची तार, छेडला की भोपळा आणि दांडी जुळते त्या गळ्यापाशी बारीक खरखर ऐकू येते. ही खरखर जवारीची समजून घोडी घासत बसणारे बरेच असतात. आधी गळ्याच्या सांध्यावर बोटानं टिचकी मारून पाहावी. पोकळ, फुटका आवाज आला तर दोष सांध्यातच आहे.

दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली तून लाकडाची. हलकं, सरळ रेषेचं, मुरलेलं लाकूड हवं. दांडी आतून कोरून पोकळ करतात आणि वरून पाटी बसवतात. लाकूड मुरलेलं नसेल तर काही वर्षांत तारांच्या ओढीनं दांडी पुढं झुकते, आणि मग स्वर लावला की उतरतो, लावला की उतरतो. कीड लागू नये म्हणून मोरचूद वापरतात. त्यात कसर केली तर भोपळ्याला आतून भोकं पडतात आणि बाहेर पिठासारखा भुसा दिसेपर्यंत कुणाला कळत नाही.

[दृश्य : घोडी अगदी जवळून. तारेखाली सुताचा धागा. बोट धागा किंचित मागं सारतं, नाद खुलतो.]

आता घोडी. हाडाची किंवा शिंगाची, हल्ली फायबरचीही. तारेच्या दिशेनं ती सव्वा-दीड इंच रुंद असते आणि तिचा माथा सपाट नसतो, अगदी सौम्य उतरता असतो. कंप पावताना तार या उताराला घासत घासत जाते आणि त्यातून तो झंकार निघतो. उतार जास्त झाला तर जवारी बंद, तार नुसती टणकन वाजते. उतार कमी पडला तर तार माथ्यावर आपटते आणि पत्र्यासारखा आवाज येतो. दोन्हींच्या मधली जागा कागदाच्या जाडीइतकीही नसते, म्हणून कानस बारीक दातांची आणि हात हलका.

घासून झालं की धागा. साधं सूत किंवा रेशीम तारेखाली घालतात आणि नखानं पुढं-मागं सरकवतात. केसभर सरकला की नाद बदलतो. एका विशिष्ट जागी तारेतून स्वरांची सगळी रांग उलगडते. ती जागा प्रत्येक तारेची वेगळी असते. पट्टी, म्हणजे षड्ज ज्या उंचीवर धरतो ती, दोन-तीन सुरांनी बदलली की तारेचा ताण बदलतो आणि धाग्याची जागाही हलते. म्हणूनच हार्मोनियमच्या पांढरी एकला लावलेली जवारी काळी चारला जशीच्या तशी बोलत नाही.

याच धाग्याबद्दल चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली एक टिपण प्रसिद्ध केलं. तार जिथं छेडतो तिथं ज्या उपस्वरांची, म्हणजे मूळ स्वरासोबत तारेतून निघणाऱ्या वरच्या स्वरांची, स्थिर जागा असते, ते उपस्वर नियमाप्रमाणे ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट येतात, आणि याचं कारण घोडीचा हा माथा आणि त्यावरचा धागा. मिरजेच्या गल्लीत हे नियम कुणी मांडले नव्हते, पण धागा कुठं ठेवायचा हे सगळ्यांना माहीत होतं.

[दृश्य : तंबोरा मिळवताना हात. चार तारा, मणी, खुंट्या.]

मिळवायची रीत अशी. आधी मधला जोड, दोन पोलादी तारा एकमेकींशी. त्या अगदी जवळ आल्या की आवाजात संथ लाटा ऐकू येतात. लाटा लांबत लांबत नाहीशा झाल्या की जोड मिळाला. खुंटीनं जवळ आणायचं आणि शेवटचा बारकावा तारेत ओवलेल्या मण्यानं साधायचा. मग पितळी खर्ज. शेवटी पहिली तार, ती पंचमात. मारवा-पूरियासारख्या पंचम नसलेल्या रागाला ती निषादात, मालकंसाला मध्यमात. पहिली तार मधल्या बोटानं छेडायची, बाकीच्या तीन तर्जनीनं, एकाच वजनानं. छेड जोरात झाली की स्वर क्षणभर चढतो आणि सगळी मेहनत वाया जाते. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल होऊन घसरतात. घसरत्या खुंटीला खडू लावावा. तेल मात्र कधीच लावू नये.

खर्ज बरोबर लागला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी छेडलेला नसतो, तरी असतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या तारेचा तो पाचवा उपस्वर आहे. खर्ज जरा इकडेतिकडे झाला की गंधार विरतो, त्यामुळे जाणकार गवई खर्जाची पारख गंधारावरून करतात. खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेत गंधारावरचा लांबलेला मुक्काम ऐकावा. तो स्वर तंबोऱ्यातल्या गंधारावर तंतोतंत बसतो. तिथं गळा कुठं संपतो आणि तार कुठं सुरू होते, हे वेगळं काढता येत नाही.

[दृश्य : जुन्या पुस्तकाचं पान, तारेच्या लांबीचं कोष्टक.]

हा कान मोजून पाहावा असं एका सांगलीकराला वाटलं. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, ‘संगीत शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू. सप्तकातल्या बावीस श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म स्वरांची, गणिती जागा शोधायची त्यांची धडपड होती, आणि त्यासाठी गळा मिळाला तो अब्दुल करीम खाँचा. देवलांचं श्रुतींवरचं पुस्तक १९१० साली आलं. ई. क्लेमंट्स हे आय.सी.एस. अधिकारी या कामात सामील झाले आणि १९१३ साली त्यांचाही ग्रंथ निघाला.

पद्धत समजायला सोपी आहे. पेटीवर दोन तारा ताणायच्या. एक मोकळी, ती षड्ज. दुसरीखाली सरकती घोडी आणि शेजारी मोजपट्टी. गवयानं स्वर लावायचा, घोडी सरकवून तार त्या स्वराशी मिळवायची आणि लांबी वाचायची. छत्तीस इंचांची तार धरली तर पंचम २४ इंचांवर येतो, मध्यम २७ वर, आणि तंबोऱ्यात ऐकू येणारा गंधार २८.८ इंचांवर. बाजारातल्या हार्मोनियमचा गंधार याच तारेवर सुमारे २८.५७ इंचांवर पडेल. फरक जवळजवळ पाव इंचाचा. मोजपट्टीवर पाव इंच डोळ्यांना सहज दिसतो. कानाला तो न टोचणं ही निव्वळ सवय.

या मोजमापातून श्रुती-हार्मोनियम तयार झालं. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ते मांडलं गेलं आणि त्यावर आक्षेपही आले. आमच्या मते आक्षेपात तथ्य होतं. दरबारी रागाचा गंधार एका जागी बसतच नाही, तो झुलतो. हार्मोनियमची पट्टी दाबून निघणारी श्रुती, कितीही अचूक असली तरी, तो झोका देऊ शकत नाही. पण खाँसाहेबांना या प्रयोगाला वेळ द्यावासा वाटला, हे महत्त्वाचं आहे. आपली विद्या पुस्तकी माणसांसमोर मोजायला ठेवणारे घराणेदार गवई त्या काळात विरळाच होते.

[दृश्य : पुण्यातला जुना वाडा. पहाटेचा रियाज, पाठमोरे विद्यार्थी.]

१९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. मुलं विद्यालयातच राहायची. खर्च चालायचा तो तिकीट लावून केलेल्या जलशांवर, आणि त्यात विद्यार्थीही गायचे. शिष्यांकडून ते वर्षं मागून घेत. कुंदगोळच्या रामभाऊंना, पुढच्या सवाई गंधर्वांना, शिकवण्याआधी आठ वर्षांची अट घातली होती. अट कठोर वाटेल. पण स्वर लावायला शिकवायचं तर पहिली काही वर्षं गाणं सुरूच होत नाही, आणि मूल मधेच नाटक कंपनीत गेलं तर दोघांचेही श्रम फुकट. रोशन आरा बेगम, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हे त्यांचेच शिष्य. सवाई गंधर्वांकडून ही गायकी गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांच्यापर्यंत गेली.

१९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई, सरस्वती राणे यांनी पुढं मराठी रंगभूमी आणि मैफल दोन्ही गाजवल्या.

खाँसाहेब स्वतः महाराष्ट्रातच राहिले, पण एका प्रांतात मावले नाहीत. उत्तरेचा हा गवई मराठी नाट्यपदं गायला आणि ती रेकॉर्डवरही आली. दक्षिणेत मुक्काम केला तर तिथली सरगम उचलून ख्यालात आणली, आणि त्यागराजांची खरहरप्रियातली कृती ध्वनिमुद्रित केली. त्यात नक्कल नाही. शब्दांची ओढ दक्षिणेची आहे, स्वराची ठेवण किराण्याचीच.

[दृश्य : मिरज, मीरासाहेबांचा दर्गा. प्रांगणात बैठक.]

२७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत प्रकृती बिघडली आणि ते सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर उतरले. तिथंच त्यांचं निधन झालं. देह मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केला. प्लेगच्या आजारातून बरे झाल्यापासून ते इथं सेवा म्हणून गायचे, असं मिरजेत सांगतात. उरुसात अजूनही त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. देशभरचे कलाकार येतात, आणि ज्यांचे तंबोरे मिरजेचे आहेत ते येताना वाद्य गल्लीत दाखवून घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं नकली मालाला आळा बसेल. पण जवारीला बसणारा नवा हात तयार व्हायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं थांबणाऱ्या पोराला घर चालेल एवढा मोबदला मिळतो का, हा प्रश्न गल्लीत उघडपणे बोलला जातो.

[दृश्य : ७८ फेऱ्यांची तबकडी, सुई टेकते.]

खाँसाहेब ऐकायचे तर १९३० च्या दशकातल्या रेकॉर्ड घ्याव्यात. झिंझोटी, बसंत, जोगिया, भैरवी. त्या वेळी ते साठीच्या आसपास होते. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मिळतात. आलापाला जागा नाही असं वाटतं, तरी पहिल्या अर्ध्या मिनिटात राग उभा राहतो. एक काळजी घ्यावी. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या असतातच असं नाही, आणि डिजिटल प्रत करताना वेग चुकला तर पट्टी बदलते. ७८ ऐवजी साडेब्याऐंशी फेऱ्या झाल्या तर आवाज पूर्ण अर्धा स्वर चढतो, तानही अकारण चपळ वाटते आणि मुळातला निमुळता आवाज जास्तच किनरा होतो. म्हणून खाँसाहेबांची पट्टी अमुक होती असं एकाच प्रतीवरून ठरवू नये. दोन-तीन प्रती जवळ घ्याव्यात, आपला तंबोरा त्यांच्याशी मिळवावा, आणि आवाजाची जात व तबल्याचा नाद जिथं स्वाभाविक वाटेल ती प्रत ठेवावी.